हौदावरचे अकरा दगड

विजयसिंह आला तेव्हा मनकर्णा हौदाच्या काठावरचे दगड हलवत होती. तिचं रोजचं सकाळचं काम. कालचा पहिला दगड उचलून रांगेच्या शेवटी ठेवायचा आणि बाकीचे दहा वीतभर पुढं सारायचे. दगड अकरा, कारण खांडं अकरा. एका घरच्या मेंढ्यांचा एक कळप म्हणजे एक खांड. ज्याचा दगड पहिला, त्याचं खांड त्या दिवशी पहिलं पाण्यावर. कुणाचा दगड कोणता हे सगळ्यांना पाठ होतं. म्हाताऱ्या आश्रुबाचा लाल, अर्ध्या भाजलेल्या विटेसारखा. रामेश्वरचा चपटा. मनकर्णाच्या घरचा काळा, मधून पांढरी शीर गेलेला. या रांगेवरून माळावर कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर मनकर्णाशी झालं असतं, आणि ती हौस कुणाला नव्हती.

हौद होता सरकारी मेंढी फारमातला. नेकनूरच्या वरच्या अंगाला तीनशे एकर माळ, त्यावर पत्र्याची चार शेडं, एक विहीर, विहिरीवर मोटार आणि खाली हा लांबलचक दगडी हौद. विहीर बहात्तरच्या दुष्काळात खणलेली. मनकर्णाच्या सासूनं तिथं डोक्यावर माती वाहिली होती. एके काळी सरकारनं इथं परदेशातून नर आणून मेंढ्यांची पैदास केली. आता तीसेक म्हाताऱ्या मेंढ्या उरल्या होत्या आणि बीडहून सोमवारी-गुरुवारी येणारा एक साहेब.

फाटकावर पाटी होती. बाहेरील जनावरांना आत आणण्यास सक्त मनाई आहे. त्या पाटीखाली मनकर्णाचा नवरा राधाकिशन तीस वर्षं रखवालदार होता, आणि तीस वर्षं त्यानं दर चैत्रात ते फाटक सताड उघडलं. दिवाळीनंतर खांडं खाली माजलगावच्या अंगाला जायची. धरणाचं पाणी, तोडलेल्या उसाचं रान, पाल्याला तोटा नाही. पाडव्याच्या आसपास रानं नांगरायला लागली आणि कालव्याचं पाणी बंद झालं की माणसं मेंढरं हाकत घरी यायची. मग पाऊस पडेपर्यंत तीन महिने हा माळ आणि हा हौद. दुसरं पाणी नव्हतं. साहेब बदलले, सरकारं बदलली. प्रत्येक साहेब पहिल्या वर्षी पाटीकडं बोट दाखवायचा, दुसऱ्या वर्षी मेंढरांकडं पाठ करून खुर्ची टाकायचा.

राधाकिशन पौषात गेला. त्याच्या जागी कुणी नेमलं नाही आणि किल्ली मनकर्णाच्या कमरेला राहिली. तिनंही कुणाला विचारलं नाही. ती रडली नव्हती. बायका वाट बघून बघून उठून गेल्या. तिला भाकरीबरोबरचा ठेचा तिखट लागत नव्हता, उन्हाचा चटका कळत नव्हता. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. काम मात्र चुकत नव्हतं. जीभही चुकत नव्हती.

विजयसिंह जिल्हा परिषदेचा माजी सदस्य. पांढरे कपडे, पायात पांढरेच बूट. लेंड्या चुकवत चुकवत तो हौदापाशी आला.

“मनकर्णाकाकू, सरकारनं आयोग नेमलाय.”

“नेमू द्या. म्या काय करू, हळद लावू?”

“ऐका तर. सरकारच्या ज्या मालमत्ता हायेत, गोदामं, दवाखाने, डेपो, असली फारमं, त्या खासगी कंपन्यांसंग भागीदारीत चालवाव्या का न्हाई, ह्याचा अभ्यास करनार आयोग. राज्यभर फिरायलेत. जिल्ह्यातली चार ठिकाणं धरली, त्यात आपलं फारम.”

“भागीदारीत?”

“व्हय.”

भागीदारी मनकर्णाला कुणी शिकवायला नको होती. तिच्या बापानं जन्मभर बटईनं मेंढरं दिली आणि घेतली. मेंढी एकाची, राखण दुसऱ्याची, पिल्लं अर्धी अर्धी. बटईला बसायच्या आधी मोठी माणसं गोठ्यात येऊन बसायची, मेंढी हातानं चाचपायची, कोण चारतो, कोण पाजतो, सगळं विचारायची. तसंच हे असणार असं तिनं धरलं.

“मग इचारतील की सगळं.”

“इचारतील. आन तुमीच बोला. राधाकिशनकाकाचं घर, तुमच्याशिवाय कुनाला म्हाईत हाय? मी हाय मागं. फकस्त पाव्हने मोठे हायेत. आपलं वंगाळ दिसाया नको.”

एवढंच बोलला तो. पुढचं सगळं मनकर्णानं केलं, हे पुढं ती स्वतःच सांगत असे.

त्याच संध्याकाळी तिनं खांडवाल्यांना हौदापाशी बोलावलं. शुक्रवारी आयोग येणार. गुरुवारी सकाळी सगळ्यांनी आपापली मेंढरं हाकून मांजरसुंब्याच्या अंगाला न्यायची. तिथं हमरस्त्याला एका ढाब्यामागं पाण्याची टाकी आहे, ढाबेवाला राधाकिशनच्या ओळखीचा, दोन दिवस भागेल. शनिवारी परत यायचं.

आश्रुबानं बिडी विझवली. “वहिनी, पाव्हने येनार म्हून घरच्यांनी घर सोडायचं? ही कुठली रीत?”

“घरच्यांनी न्हाई, मेंढरांनी. मोठी मानसं काय लेंड्या तुडवीत चालनार हायेत? तुझ्या दाढीतबी दोन-चार आसतील, त्याबी झटकून जा.”

“दाढीतल्या मपल्या हायेत. त्या फारमच्या न्हाईत.”

माणसं हसली. रामेश्वर तेवढा हसला नाही. तो तरुण, बारावीपर्यंत शिकलेला. “काकू, मी म्हन्तो, बगू द्यावं त्यायला. अकराशे-बाराशे मेंढरं पाण्यावर आलेली बगितली तर कळंल तरी, हितं कोन हाय ते.”

“आन पाटी? पाटी वाचता येती न्हवं तुला? सक्त मनाई लिव्हलंय. मपल्या मालकानं तीस वर्षं राखन केली ती चोरांची, आसं लिवून न्यावं त्यायनी?”

मनकर्णाचा मुलगा बंकट कडेला उकिडवा बसून काडीनं जमिनीवर रेघा ओढत होता. त्यानं आईकडं बघितलं आणि पुन्हा रेघा ओढायला लागला. तो बापावर गेला होता.

गुरुवारी खांडं गेली. मग बायका लागल्या. माळावरच्या लेंड्या खराट्यानं गोळा करून पोती भरली, पोती शेडामागं लपवली. मेंढरं कोंडायच्या वाघरीचे खुंट उपटले, जाळ्या गुंडाळल्या, चुलीची राख पुरली. हौदातलं पाणी सोडून दिलं. ते पाणी मातीत शिरताना बघून तिची सून म्हणाली, “आत्याबाई, चैताचं पानी हाय.” मनकर्णा म्हणाली, “चुना ओल्यावर धरत न्हाई.” शेवाळ विटेनं घासलं आणि आतून-बाहेरून चुना मारला. ओल्या फडक्यानं तिनं फाटकावरची पाटी स्वतः पुसली. सक्त मनाई ही अक्षरं लांबून वाचता यायला लागली.

शेवटी काठावरचे दगड राहिले. पोरांनी खेळ मांडून ठेवल्यासारखे दिसत होते. तिनं ते एका फुटक्या टोपलीत भरले आणि शेडाच्या मागं, लेंड्यांच्या पोत्यांवर नेऊन ठेवले.

संध्याकाळी ती फाटकात उभी राहून बघत राहिली. तीनशे एकर माळ आरशासारखा. एक खूर उमटलेला नाही. राधाकिशनच्या वेळी कधी असं झालं नव्हतं.

शुक्रवारी तीन गाड्या आल्या. आयोगाचे मुख्य साहेब निवृत्त, पिकल्या केसांचे, हळू बोलणारे. दुसरा एकजण सारखा फोनवर. तिसरी चष्म्यातली बाई, हातात वहीएवढा मोबाईल, पायात साध्या चपला. टोपी-टॉवेल झाले, नारळ झाले. विजयसिंहनं दोन शब्द म्हणून पंधरा मिनिटं घेतली. मनकर्णाच्या सुनेनं चहा आणि चिवडा दिला. बीडचा साहेब इस्त्रीचा शर्ट घालून मागं उभा होता.

चष्म्यातली बाई चहा हातात घेऊन एकटीच हौदाकडं गेली. मनकर्णा तिच्या मागं गेली.

“आजी, छान ठेवलंय हो. अगदी स्वच्छ.”

तीन महिन्यांत पहिल्यांदा मनकर्णाला आत काहीतरी हलल्यासारखं वाटलं. मग ते थांबलं.

“या हौदाचा वापर कोण करतं?”

“फारमची मेंढरं.”

“ती तर तीसच आहेत. एवढा मोठा हौद. बाहेरची जनावरं येतात का पाण्याला? गावातली, मेंढपाळांची?”

बाईनं हे सहज विचारलं, पोटात काही ठेवून विचारलं नाही. पण तोवर बाकीचे सगळे जवळ आले होते. बीडचा साहेब आपल्या बुटांकडं बघत होता. विजयसिंह हसऱ्या तोंडानं वाट बघत होता. आणि बाईच्या खांद्यावरून मनकर्णाला फाटकावरची पाटी दिसत होती, कालच पुसलेली.

“मपल्या मालकानं तीस वर्षं राखन केली,” मनकर्णा म्हणाली. “भाईरचं एक मेंढरू आत येऊ दिलं न्हाई.”

“उन्हाळ्यात सुद्धा नाही?”

“बाई, म्या एकदा सांगितलं.”

बाईनं मान हलवली आणि बोटानं काहीतरी टिपलं. मग कोरड्या, पांढऱ्याफटक हौदाचा फोटो काढला. माळाचाही काढला. मुख्य साहेबांनी मनकर्णाला हात जोडले आणि म्हणाले, तुमच्या यजमानांसारखी माणसं आता मिळत नाहीत. चाळीस मिनिटांत तीन गाड्या धूळ उडवीत गेल्या.

शनिवारी खांडं परत आली. मोटार सुरू झाली, हौद भरला, मनकर्णानं दगड आणून ओळीनं मांडले. आश्रुबानं विचारलं, “काय इचारलं गं वहिनी त्यायनी?”

“काय इचारनार? चांगलं हाय म्हनले.”

पहिल्या पावसापर्यंत दगड रोज फिरले. मृगात खांडं माळभर पांगली. दिवाळी झाली आणि बंकट, आश्रुबा, रामेश्वर, सगळे मेंढरं घेऊन माजलगावकडं उतरले. हौदाच्या काठावर अकरा दगड तसेच राहिले. दर वर्षी राहायचे.

माघात नात ऋतुजा बीडच्या कॉलेजातून सुट्टीला आली. अंगणात बसून मोबाईल चाळताना ती मध्येच थांबली.

“आज्जे, आयोगाचा अहवाल आलाय. आपल्या फारमचं हाय यात.”

“वाच.”

ऋतुजानं वाचलं. भाषा जड होती, ती सोडवत सोडवत सांगत गेली. “फारमची जागा वापराविना पडून हाय आसं लिव्हलंय. पाण्याच्या सोयीचा स्थानिक लोक वापर करत न्हाईत. भाईरच्या पशुधनाचा वावर आढळला न्हाई. म्हून पूर्ण तीनशे एकर कुंपन घालून खासगी भागीदाराला चालवाया द्यावी, आशी शिफारस. खाली फोटू हाय. आपला हौद.”

मनकर्णानं मोबाईल हातात घेतला. हौद पांढरा होता, कोरडा होता, सुंदर दिसत होता.

“आजून काय लिव्हलंय?”

“लिव्हलंय की, स्थानिक महिलेनंही ह्याला दुजोरा दिला.”

“स्थानिक महिला म्हंजे कोन?”

“तू, आज्जे.”

“नाव न्हाई घातलं?”

“न्हाई.”

“घालाया काय झालतं?” मनकर्णा म्हणाली आणि मोबाईल परत दिला. मग ती उठली, चुलीपुढं बसली आणि विझलेल्या चुलीत फुंकत राहिली. सुनेनं येऊन सांगितलं, आत्याबाई, लाकूड घातलं न्हाई आजून.

अहवालावर कुणाची हरकत असेल तर महिन्याच्या आत कळवायची होती, आणि फाल्गुनात बीडला सुनावणी होती. ऋतुजानं हे बापाला फोनवर सांगितलं. बंकटनं फोन आईकडं द्यायला लावला. मागं माजलगावच्या रानातल्या मेंढ्यांचा आवाज येत होता.

“माय, तू जा. तुझ्या तोंडचं लिव्हलंय, तुलाच खोडावं लागंल. फकस्त म्हन, इचारलेलं मला समजलं न्हाई.”

“मला समजलं न्हाई, आसं म्या उभ्या जल्मात कुनाला म्हनलं न्हाई.”

“मग काय म्हन्तीस? चैतात कुठं जायचं मेंढरं घेऊन?”

“आन तुझ्या बापाचं नाव?”

“बापानं फाटक उघडलं ते आपल्यासाठी उघडलं. त्याला काय लाज व्हती?”

“त्याला न्हवती,” मनकर्णा म्हणाली. “मला हाय.”

तिनं फोन ठेवला. त्या आठवड्यात ती रोज फारमावर जाऊन यायची. रिकाम्या माळावरून चालायची, पाटीपाशी थांबायची. राधाकिशन बोलणारा माणूस नव्हता. पाडव्याच्या दिवशी खालून धूळ दिसली की तो बिडी कानावर ठेवायचा, उठायचा, फाटकाचे दोन्ही पाखे उघडून त्यांना दगड लावायचा आणि परत येऊन बसायचा. एकदा तिनं विचारलं होतं, सायबानं बगितलं तर? तो म्हणाला होता, बगू दे की. एवढंच. ती ते आठवायची आणि तिला काही होत नव्हतं, बरं नाही, वाईट नाही. पुसलेली पाटी पुन्हा धुळीनं भरली होती. तिनं ती पुसली नाही.

फाल्गुनात ती ऋतुजाला घेऊन एस.टी.नं बीडला गेली. नवं लुगडं नेसली, कुंकवाच्या जागी काही नव्हतं म्हणून पदर पुढं ओढला. सरकारी हॉलात खुर्च्या होत्या, वर तीन पंखे होते, त्यातला एक चालू होता. लोक बरेच होते. कुणी गोदामाचं बोलायला आलेलं, कुणी दवाखान्याचं. विजयसिंह पुढच्या रांगेत बसला होता. टेबलामागं तीच चष्म्यातली बाई आणि एक लिहून घेणारा कारकून.

नाव पुकारल्यावर मनकर्णा उभी राहिली. बाईनं ओळखलं. “या आजी. बसून बोला.”

“हुबीच बरी.”

“तुमची हरकत काय आहे?”

“म्या तुमाला सांगितलं व्हतं की भाईरचं मेंढरू फारमात येत न्हाई. ते खोटं हाय.”

कारकुनानं मान वर केली.

“अकरा खांडं येतात. पाडव्यापासून पावसापस्तोर. हौदावर पाळी आसती, ती मी लावते. तुमी यायच्या आदल्या दिशी म्याच त्यायला हाकलून लावलं. लेंड्या झाडल्या. पानी सोडून दिलं. चुना मारला.”

“पण तुमचे यजमान रखवालदार होते. नियम तर होता. मग त्यांनी...”

“मपला मालक फाटक उघडायचा. तीस वर्षं.”

“चोरून?”

“चोरून कशाला? दिसाउजेडी. तुमचेच सायब खुर्ची टाकून बसायचे बगत. एकदोघांनी तर कोकरंबी मागून नेली.”

मागं कुणीतरी फुसकन हसलं, मग बरेच हसले. मनकर्णा हसली नाही. बाईनंही हसू आवरलं. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“आजी, एक विचारू? मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं. खरं सांगितलं असतं तर आम्ही तसंच लिहिलं असतं. तुम्ही खोटं का सांगितलंत?”

मनकर्णानं विचार केला. पाटी सांगावी की मालकाचं नाव सांगावं हे तिला ठरवता येईना. मग जे सगळ्यात आधी होतं ते तिनं सांगितलं.

“तुमी पाव्हन्या व्हता.”

बाई बघत राहिली.

“पाव्हन्याला कुनी घरातली आडचन दाखवतं का? तुमच्यात दाखवत आसतील. आमच्यात झाकून ठिवतेत.”

मग बाईनं चष्मा घातला आणि कारकुनाला सांगितलं, “असं लिहा. पूर्वीचं विधान गैरसमजातून झालं होतं.”

“न्हाई,” मनकर्णा म्हणाली. “गैरसमज कावून? म्या समजून उमजून बोलले. खोटं लिवा.”

“आजी, त्यानं तुमचंच...”

“गैरसमज लिव्हलं की म्हनतील, म्हातारीला काय कळतंय, आजबी चुकत आसंल. खोटं लिव्हलं म्हंजे आजचं खरं ठरतं. आन ह्या बारीला नाव घाला. मनकर्णा राधाकिशन. नुसती महिला नगं.”

कारकुनानं बाईकडं बघितलं. बाईनं मान हलवली. त्यानं लिहिलं, ऋतुजानं वाचून दाखवलं, मनकर्णानं खाली सही केली. तिसरीपर्यंतची सही, एकेक अक्षर सुटं, पण अंगठा नाही. पुढच्या रांगेतल्या विजयसिंहनं तिच्याकडं बघायचं टाळलं. तिनंही त्याला काही म्हटलं नाही. म्हणण्यासारखं काही नव्हतं, वंगाळ दिसू नये एवढंच तो बोलला होता.

निघताना तिनं विचारलं, “आता?”

बाईनं खरं ते सांगितलं. अहवाल वर गेलेला आहे. आजचं सगळं त्याला मागं जोडलं जाईल. पुढं मंत्रालयात ठरेल.

“मागं जोडलेलं कोन वाचतं?”

बाईनं कारकुनासमोरचा कागद आपल्याकडं ओढला. “मी वाचून बाजूला काढून देईन,” ती म्हणाली. “त्यापुढं माझ्या हातात नाही.”

मनकर्णानं मान हलवली. खोटं बोलली नाही, एवढं बरं, असं तिनं एस.टी.त ऋतुजाला सांगितलं.

पाडव्याच्या आधी आठ दिवस वायरमन येऊन फारमाच्या मोटारीचं कनेक्शन तोडून गेला. फारमच्या तीस मेंढ्या आधीच हलवल्या होत्या; वापर नसल्यामुळं बंद, असा वरून कागद होता. बीडच्या साहेबानं हात वर केले. विजयसिंह दोनदा बीडला जाऊन आला, फोटो काढून आला. मंत्रालयातून अजून काही ठरलं नव्हतं, कुंपणही आलं नव्हतं. फाटक होतं, किल्ली मनकर्णाच्या कमरेला होती, विहिरीत आठ परसावर, आठ पुरुष खोल, पाणी होतं. ते वर आणायचं तेवढं राहिलं होतं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी खालून धूळ दिसली. मनकर्णानं दोन्ही पाखे उघडले आणि त्यांना दगड लावले. विहिरीवर जुना रहाट होता, त्याला तिनं नवा दोर ओवून घेतला होता. खांडं एकामागं एक आली आणि हौदापासून लांब थांबली. मेंढरांना पाण्याचा वास येत नव्हता, ती माना खाली घालून उभी राहिली. माणसं जवळ आली. सुनावणीत काय झालं ते सगळ्यांना कळलेलं होतं. कुणी तिला काही बोललं नाही. बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं.

हातानं ओढून किती पाणी निघेल याचा तिनं अंदाज घेतला होता. सकाळपासून दुपारपर्यंत सगळ्यांनी आळीपाळीनं ओढलं तर दहा खांडांना अर्धं अर्धं. अकरांना नाही.

ती काठावर वाकली. वर्षभर तिथंच असलेले दगड तिनं उचलले आणि एकेक करून मांडायला लागली. लेकुरवाळ्या मेंढ्या ज्याच्याकडं जास्त, त्याचा आधी. रामेश्वरचा चपटा पहिला. आश्रुबाचा लाल दुसरा. ओळ लागत गेली. शेवटी एक दगड उरला, काळा, मधून पांढरी शीर गेलेला. तो तिनं काठावर ठेवला नाही. ओच्यात घातला आणि ओचा खोचला.

आश्रुबानं मोजलं. “वहिनी, दहाच झाले. आकरावा कुठं हाय?”

“तुला मोजाया कुनी बसवलं?”

“तसं न्हाई गं. बंकटचा...”

“आश्रुबा, तुझा दगड दुसरा हाय. तोंड मिटून दोर धर, न्हाईतर तिसरा करीन.”

बंकट हौदाच्या पलीकडं उभा होता. त्यानं ओळ बघितली, आईच्या ओच्याकडं बघितलं. मनकर्णानं त्याच्याकडं बघितलं आणि नजर हलवली नाही. सांगायचं ते हेच होतं आणि ते तोंडानं सांगण्यासारखं नव्हतं. बंकटनं काठी खांद्यावर घेतली, तोंडानं चक् चक् केलं आणि पुढच्या मेंढीला वळवलं. सव्वाशे मेंढरं तिच्या मागं फिरली. मांजरसुंब्याच्या ढाब्यामागच्या टाकीकडं, आल्या पावली, पाणी न पिता. रामेश्वर म्हणाला, “बंकटदादा, थांब की.” बंकट थांबला नाही.

धूळ खाली बसेपर्यंत मनकर्णा बघत राहिली. छातीत काही होईल असं वाटून ती थांबली होती. झालं नाही. मग ती रहाटापाशी गेली आणि पहिली बादली स्वतः ओढायला लागली. दोर नवा, खरखरीत. चौथ्या बादलीला तळहाताचं कातडं सोललं आणि झोंबलं. तिनं हात उघडून बघितला. झोंबत होतं खरं. तिनं लुगड्याच्या काठानं हात पुसला आणि दोर पुन्हा धरला.

“पहिला दगड कुनाचा हाय?” ती ओरडली. “रामेश्वर, बगत काय हुबा राह्यलास? आन तुझी मेंढरं.”